जुन्या कोटाची फर कोणत्या प्राण्याची? नवख्यांसाठी पायरीपायरीने ओळख

फरचा जुना कोट, गळपट्टा किंवा टोपी हाती आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे मिंक (मुंगसासारखा छोटा, महागड्या फरचा प्राणी) आहे का? आणि उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं निघतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फरच्या कारागिरांचं बरंचसं कसब स्वस्त कातडं महागाचं भासवण्यात लागलेलं होतं. ससा कातरून, रंगवून सीलच्या नावाने विकला जाई. मस्करॅट या पाण्याकाठच्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या कातड्यावर मिंकसारखे पट्टे उमटवले जात. कोल्ह्याच्या फरमध्ये चक्क दुसऱ्या प्राण्याचे केस चिकटवले जात. म्हणजे रंग, चकाकी आणि वरवरचा स्पर्श या तिन्हींवर विसंबण्यात अर्थ नाही. कारागिराला फारसं लपवता येत नाही अशा जागा दोनच: केसाचं मूळ आणि कातड्याची मागची बाजू. पुढच्या बहुतेक पायऱ्या तुम्हाला त्या दोन जागांपर्यंत नेण्यासाठी आहेत.

हाताशी काय हवं

दिवसाचा उजेड सगळ्यात महत्त्वाचा. पिवळ्या दिव्याखाली काळी, तपकिरी आणि लालसर फर एकसारखीच दिसते. सोबत 10 पट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, बारीक टाचणी, टोकदार छोटी कात्री, चिमटा आणि एक पांढरा, एक काळा कागद. गडद केस पांढऱ्या कागदावर ठेवून बघायचे, फिकट केस काळ्यावर. हातमोजे आणि मास्कही घाला. कसर लागू नये म्हणून जुन्या फरला डांबरगोळ्यांपासून आज बंदी असलेल्या कीटकनाशकांपर्यंत काहीही लावलेलं असू शकतं. कोट झटकू नका, खांद्याला धरून उचलू नका. सपाट टेबलावर चादर पसरून त्यावर ठेवा.

पहिली पायरी: खरी फर की कृत्रिम

दोन्ही अंगठ्यांनी केस बाजूला सारून भांग पाडा आणि तळाशी बघा. खऱ्या फरमध्ये केस कमावलेल्या कातड्यातून उगवलेले दिसतात, कृत्रिम फरमध्ये तळाला विणीचं किंवा जाळीचं कापड दिसतं. एवढ्यावर बहुतेक वेळा निकाल लागतो. शंका उरली तर केसाचं टोक भिंगाखाली धरा. नैसर्गिक केस टोकाकडे निमुळता होत जातो, कृत्रिम धागा बहुधा शेवटपर्यंत सारख्याच जाडीचा राहतो आणि टोकाला तुटल्यासारखा दिसतो. कातरलेल्या खऱ्या फरचं टोकही बोथट असतं, म्हणून नुसत्या टोकावरून निर्णय घेऊ नका. टाचणी टोचून बघायची पद्धतही आहे: कापडातून ती सहज जाते, कातड्यात अडते.

केस जाळून बघण्याचा सल्ला सगळीकडे पहिला दिला जातो. मी तो शेवटी ठेवेन. करायचंच असेल तर आतल्या बाजूचे दोन-तीन केस चिमट्याने उपटा आणि कोटापासून लांब, धातूच्या ताटलीवर जाळा. खरा केस जळताना माणसाच्या जळक्या केसांचा वास येतो, राख चिमटीत चुरगळते. अ‍ॅक्रिलिकचा कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. मात्र 1950 च्या दशकात सिंथेटिक धागे रुळण्याआधी नकली फर बऱ्याचदा मोहेर किंवा अल्पाकाच्या लोकरीची असे, आणि तीही जळताना केसासारखाच वास देते. वासावरून 'खरी फर' म्हणून मोकळं झालेले लोक इथेच फसतात. तळाचं कापड बघितलं असतं तर काडीही ओढावी लागली नसती.

दुसरी पायरी: फुंकर मारा

या धंद्यातले जाणते लोक फर हातात आली की तिच्यावर फुंकर मारतात. त्यात दिखाऊपणा काही नाही. जवळून, एकाच जागी, जोरात फुंकलं की केस गोलाकार उघडतात आणि मुळापासून टोकापर्यंतचा सगळा थर एका नजरेत येतो. फुंकर कमी पडली तर हेअर ड्रायरचा गार झोत वापरा. गरम झोत कातड्याचं नुकसान करतो.

बहुतेक फरमध्ये दोन प्रकारचे केस असतात: वरचे लांब, चकचकीत, थोडे राठ केस, आणि त्यांच्या बुडाशी दाट, मऊ लव. उघडलेल्या वर्तुळात चार गोष्टी बघून लिहून ठेवा. लव आहे की नाही? वरचे केस लवेपेक्षा किती लांब? एकाच केसावर मुळापासून टोकापर्यंत रंगाचे पट्टे बदलतात का? आणि फुंकर मारल्यावर तळाचं कातडं दिसतं, की लवच इतकी दाट की ते दिसतच नाही?

हे पाठीवर, बाहीवर आणि कॉलरवर, निदान तीन ठिकाणी करा. कॉलर आणि बाह्यांची टोकं बऱ्याचदा वेगळ्या, महागड्या फरची असतात. नुसत्या कॉलरवरून अख्खा कोट ठरवला की हमखास चुकतं.

तिसरी पायरी: अस्तराच्या आत

नवखे लोक ही पायरी भीतीने टाळतात, आणि सगळ्यात जास्त माहिती इथेच असते. अनेक कोटांचं अस्तर खालच्या काठाला मोकळंच सोडलेलं असतं, त्यामुळे काही न उसवताही आत बघता येतं. शिवलेलं असेल तर खालच्या काठाशी अस्तराचे टाके दहा-बारा सेंटीमीटर उसवा. अस्तराचेच टाके हं, फरची शिवण नव्हे.

आत कातड्याचा रंग बघा. न रंगवलेलं कमावलेलं कातडं साधारण पांढरट किंवा सायीच्या रंगाचं असतं. कातडंही काळं किंवा गडद तपकिरी असेल तर फर बहुधा रंगात बुडवून काढलेली आहे. उलट बाजूने मात्र हा नियम लावू नका, कारण ब्रशने फक्त केसांवर रंग दिला तर कातडं पांढरंच राहतं.

मग शिवणी बघा. महाग फर, विशेषतः मिंक आणि त्याच्याच कुळातलं सेबल, एका खास पद्धतीने लांबवलेली असते. कारागीर एकेक कातडं तिरप्या, जेमतेम पाच-सहा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यांमध्ये कापतो आणि प्रत्येक पट्टी जराशी खाली सरकवून पुन्हा शिवतो. आखूड, रुंद कातड्याचा त्यामुळे खांद्यापासून काठापर्यंत उतरणारा लांब, अरुंद पट्टा होतो. वरून तुम्हाला फक्त कोटावरच्या उभ्या, वाहत्या रेघा दिसतात. आत मात्र तिरप्या शिवणींची रांगच रांग लागलेली असते, एका कोटात हजारोंनी टाके. इतकी मेहनत सशावर कुणी करत नसे. मस्करॅटवर क्वचित केली जाई, पण सहसा मस्करॅट, ससा आणि खारीची कातडी अख्खीच एकाखाली एक जोडली जात, त्यामुळे आडव्या शिवणी दिसतात. कधी सरळ, कधी नागमोडी.

आत लहान लहान तुकड्यांची गोधडी दिसली तर तो पंजे, पोट, शेपट्या किंवा कापणीतून उरलेल्या तुकड्यांचा माल. ग्रीसमधलं कास्तोरिया गाव अशा तुकड्यांतून सलग पट बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. तुकड्यांचं मिंकही मिंकच असतं, फक्त त्याची किंमत अख्ख्या कातड्यांच्या कोटाइतकी नसते.

अख्ख्या कातड्यांचा कोट असेल तर एका कातड्याचा आकारही मोजून घ्या. वीतभर लांबीची चिमुकली कातडी असतील तर खार किंवा अर्मिनचा (मिंकच्याच कुळातल्या चिमुकल्या प्राण्याचा) विचार करा. मोठे, जाड, वजनदार भाग असतील तर बीव्हर (पाण्याकाठचा मोठा कुरतडणारा प्राणी) किंवा मेंढी.

आत आहात तोवर कातड्याचा कसही तपासा. शिवणीजवळ दोन बोटांत धरून हलकेच ताणा. चांगलं कातडं जरा ताणतं आणि पूर्ववत होतं. ते कडक, कोरडं असेल किंवा टरकन फाटलं, तर फर कोणतीही असो, कोट घालण्याजोगा राहिलेला नाही. आणखी ओढून खात्री करत बसू नका.

आता प्राण्यांकडे: नेहमी गोंधळ होणारे

मिंक, मस्करॅट आणि ससा या तिघांत सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून इथे जरा थांबू.

मिंकचे वरचे केस आखूड, साधारण दोन सेंटीमीटरचे, जवळजवळ एकाच लांबीचे आणि चकचकीत असतात. ते खालच्या दाट लवेपेक्षा थोडेच लांब असतात, म्हणून पृष्ठभाग सपाट, घोटल्यासारखा दिसतो. उलटा हात फिरवला की केस किंचित अडतात आणि सोडल्यावर जागेवर जातात. रंगावरून काळाचाही अंदाज येतो. पाळीव मिंकमध्ये 1930 च्या दशकापासून निळसर-राखाडी आणि फिकट रंगांचे प्रकार निपजू लागले आणि 1940 च्या दशकापासून ते बाजारात रुळले. तेव्हा नैसर्गिक निळसर मिंकचा कोट '1920 चा आहे' असं कुणी सांगितलं तर भुवई उंचावा.

मस्करॅट हा पाण्याकाठी राहणारा कुरतडणारा प्राणी. त्याची लव दाट आणि बुडाशी राखाडी-निळसर असते. वरचे केस मिंकपेक्षा विरळ आणि लांबीला कमी-जास्त असतात. पाठ गडद, बाजू सोनेरी, पोट रुपेरी. न रंगवलेल्या कोटात हे रंग एकाआड एक येतात आणि ओळख सोपी होते. मिंकसारखा दिसावा म्हणून रंगवलेल्या मस्करॅटमध्ये प्रत्येक कातड्याच्या मध्यावर गडद पट्टा ओढलेला असतो. भांग पाडा. पट्टा फक्त वरच्या टोकांवर असेल आणि मुळाशी राखाडी लव तशीच असेल, तर तो ब्रशने आलेला आहे.

सशाची फर अतिशय मऊ असते, आणि नवख्याला ती 'इतकी मऊ म्हणजे महागच' वाटते. पण ससा गळतो. फर काळ्या कापडावर धरून तिच्यावरून हळूच हात फिरवला तरी केस पडतात, शिवाय कातडं पातळ आणि कमकुवत असतं. जुन्या कोटाच्या बाह्यांच्या कडा आणि खिशाची तोंडं टक्कल पडल्यासारखी झाली असतील तर आधी सशाचाच संशय घ्या.

सेबल मिंकपेक्षा लांब केसांचं, जास्त रेशमी असतं. हात कोणत्याही दिशेने फिरवा, केस अडत नाहीत, वळवाल तसे पडतात. ही खूण एकदा बोटांना कळली की विसरत नाही. मार्टेन त्याचाच भाऊबंद, पण जास्त राठ. दगडी मार्टेनची लव पांढरट असते, पाइन मार्टेनची पिवळसर झाक असलेली.

कातरलेल्या, मखमली फर

वरचे केस उपटून किंवा कातरून फक्त लव ठेवली की बरेच प्राणी एकसारखे दिसायला लागतात. काळी किंवा गडद तपकिरी, आखूड, मखमली फर हाती आली तर उमेदवार निदान पाच: फर सील, मस्करॅट, बीव्हर, ससा आणि मेंढी.

मेंढी आधी वगळता येते. कातरून, रसायनांनी सरळ करून, तपकिरी रंगवलेल्या मेंढीच्या लोकरीला मूटॉन म्हणतात आणि 1940 च्या दशकात ती बीव्हरऐवजी सर्रास वापरली जाई. कोट जड असतो, दाबलं की केस उसळी मारून वर येतात. दोन थर नसतात, सगळे तंतू एकाच जातीचे. दमट हवेत राहिलेल्या जागी मुळाशी लोकरीचा कुरळेपणा परत आलेला दिसतो.

बीव्हरची लव फार दाट आणि बारीक, किंचित लाटदार असते, फुंकर मारूनही कातडं सहजी दिसत नाही. काळ्या रंगात रंगवलेल्या कातरलेल्या मस्करॅटला बाजारात 'हडसन सील' म्हणत. त्यात सील औषधालाही नाही. अशा कोटात आत लहान कातडी आणि वारंवार येणाऱ्या शिवणी सापडतात. न्यूट्रिया हा पाण्याकाठचा आणखी एक कुरतडणारा प्राणीही बीव्हरसारखाच दिसतो. त्याची उत्तम लव पोटावर असते, म्हणून त्याचं कातडं पाठीवरून चिरतात. सशाची कातरलेली फर गळण्यावरून आणि पातळ कातड्यावरून कळते.

एवढं करूनही कधी कधी नक्की सांगता येत नाही. सहा-सात दशकं जुना, कातरलेला, काळा रंगवलेला कोट नुसत्या डोळ्यांनी ओळखणं जाणत्यांनाही जड जातं. 'कातरलेली, रंगवलेली, बहुधा मस्करॅट' एवढंच लिहिणं हा प्रामाणिक निकाल आहे. फोटो बघून 'शंभर टक्के सील' म्हणणाऱ्यांवर माझा अजिबात भरवसा नाही.

लांब केसांच्या फर

कोल्हा ओळखायला सोपा: वरचे केस पाच सेंटीमीटर किंवा त्याहून लांब, खाली भरपूर लव. लाल, पांढरा, निळसर-राखाडी आणि रुपेरी असे प्रकार दिसतात. यातला रुपेरी नीट बघण्यासारखा. त्याचा एक केस काळ्या कागदावर ठेवा: बुडाशी गडद, मग पांढरा पट्टा, आणि टोक पुन्हा काळं. हा पट्टा उगवतानाच आलेला असतो. या कोल्ह्यांची पैदास कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर 1890 च्या दशकात सुरू झाली, पुढे किमती आभाळाला भिडल्या आणि मग नक्कलही आली. साधा कोल्हा काळा रंगवून त्यात बिज्जूचे पांढरे केस एकेक करून चिकटवले जात. पकडायचं कसं? पांढरा केस दिसला की चिमट्याने बाजूला धरून मुळापर्यंत माग काढा. तो कातड्यातून उगवलेला नसेल आणि बुडाशी वाळलेल्या गोंदाचा ठिपका भिंगाखाली चमकला, की तो रुपेरी कोल्हा नव्हे. मेहनत मात्र दाद देण्याजोगी!

रॅकूनचे केस राठ, राखाडी-तपकिरी, टोकं काळी. 1920 च्या दशकात अमेरिकन कॉलेजांतल्या तरुणांत त्याच्या लांबरुंद कोटांचं वेड होतं. स्कंक काळा कुळकुळीत, त्यावर पांढरे पट्टे मुळापासून पांढरे. अमेरिकन ऑपॉसममध्ये फिकट लवेतून लांब, विरळ पांढरे केस वर आलेले असतात. लांब, काळे, सरळ केस आणि खाली लव अजिबात नाही असं दिसलं तर माकड. 1920-30 च्या दशकांत त्याची फॅशन होती.

कुरळ्या आणि बारीक फर

घट्ट, चकचकीत कुरळे वळसे म्हणजे कॅराकुल मेंढीचं नवजात कोकरू, बाजारातलं नाव पर्शियन लँब. वळसे न बनता पाण्यावरच्या तरंगांसारखी सपाट नक्षी असेल तर ब्रॉडटेल. ते जन्मापूर्वीच्या किंवा नुकत्या जन्मलेल्या कोकराचं असतं, आणि हे कळल्यावर अनेकांना तो कोट अंगावर घालवत नाही.

चिंचिला या दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या केसावर तीन रंग असतात: बुडाशी गडद निळसर-राखाडी, मध्ये पांढरा, टोकाला काळा. पण त्याच रंगांचा ससाही असतो, म्हणून इथे दाटपणा निर्णायक. चिंचिलाच्या एकेका छिद्रातून पन्नासाहून जास्त केस निघतात, फुंकर मारून कातडं दिसत नाही. सशात ते दिसतं. अर्मिन पांढरं, जेमतेम सेंटीमीटरभर केसांचं, शेपटीचं टोक काळं. खार हलकी, पातळ, पाठ राखाडी नि पोट पांढरं. ती अस्तरासाठीही वापरत.

ठिपके दिसले तर

ठिपक्यांची फर बहुतेक वेळा छापलेली असते: सशावर, मेंढीवर, वासराच्या कातड्यावर. भांग पाडा. छापील ठिपका केसाच्या वरच्या भागापुरता असतो आणि कडा ओळखू येते, नैसर्गिक ठिपक्यात गडद केस स्वतःच गडद उगवलेले असतात. नैसर्गिक निघाली तर नक्षी बघा. बिबट्याची वर्तुळं आतून मोकळी, जग्वारच्या वर्तुळात आणखी ठिपके, चित्त्याचे ठिपके भरीव, ऑसेलॉट या अमेरिकेतल्या रानमांजराच्या नक्षीच्या लांबट साखळ्या. अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जॅकलिन केनेडी 1962 साली बिबट्याच्या कोटात दिसल्या आणि अशा कोटांची मागणी उसळली. आज मात्र जपून. वन्यप्राण्यांच्या व्यापारावरचा साइट्स करार 1 जुलै 1975 पासून लागू आहे, आणि 'वस्तू जुनी आहे' म्हणून आपोआप सूट मिळत नाही. मोठ्या मार्जारकुळातले प्राणी, फर सील किंवा ध्रुवीय अस्वल असा नुसता संशय आला तरी विकण्याआधी किंवा सीमेपलीकडे नेण्याआधी आपल्या देशाचा कायदा बघा.

लेबल शेवटी वाचा

लेबल आधी वाचलं की डोळे तेच शोधायला लागतात, म्हणून ते शेवटी. जुन्या लेबलांवर 'सीलीन', 'बीव्हरेट', 'लॅपिन', 'कोनी' असली नावं दिसतात. चारही ससाच. 'डाइड' म्हणजे रंगवलेलं, आणि अशा जोडनावात खरा प्राणी शेवटी असतो: 'मिंक-डाइड मस्करॅट' म्हणजे मस्करॅट. अमेरिकेत 1951 साली फरच्या लेबलांचा कायदा झाला आणि 1952 च्या ऑगस्टपासून लागू झाला. तेव्हापासून प्राण्याचं खरं नाव, मूळ देश आणि फर रंगवलेली आहे का, हे लिहिणं सक्तीचं झालं. त्यानंतरचं अमेरिकन लेबल बरंच भरवशाचं. फक्त ते त्याच कोटाचं आहे ना, टाके नंतर घातलेले नाहीत ना, तेवढं बघा. दुकानाच्या नावाची रेशमी पट्टी मात्र दुकान सांगते, प्राणी नव्हे.

सूक्ष्मदर्शक असेल तर

100 ते 400 पट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक शाळेतलाही चालतो. केसाच्या मधल्या गाभ्याची रचना बघा. सशाच्या केसात हवेच्या कप्प्यांच्या एकाशेजारी एक रांगा दिसतात, मक्याच्या कणसावरच्या दाण्यांसारख्या. ती खूण इतकी ठळक की कातरलेला, रंगवलेला ससाही तिथे पकडला जातो. मेंढीच्या बारीक लोकरीत असा गाभा सहसा नसतोच. गडद रंगामुळे गाभा दिसत नसेल तर काचेवर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्या, त्यावर केस ठेवा, वाळल्यावर ओढून काढा. मागे राहिलेल्या ठशात केसावरच्या खवल्यांची नक्षी दिसते. तुलनेसाठी ओळख पक्की असलेल्या कोटांचे केस जमवून ठेवले की काम झपाट्याने सोपं होतं.

शेवटी जे बघितलं ते एका कागदावर लिहा: केसांची लांबी, थर, रंगांचे पट्टे, कातड्याचा रंग, शिवणी, मग निकाल, आणि त्यापुढे 'नक्की', 'बहुधा' किंवा 'शक्यता' यांपैकी एक शब्द. काढलेले दोन-चार केस कागदी पुडीत घालून त्यालाच टाचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, ओल धरते. उसवलेलं अस्तर जुन्याच टाक्यांच्या भोकांतून हाताने शिवून टाका.